कायटोसान नॅनोपार्टिकल्सचे आयड्रॉप्स: मीठ घातलं की साका बसतो

नेत्रौषधी_एमफार्म
टिमोलॉल मॅलिएटचे (काचबिंदूचं औषध) कायटोसान (धन चार्जचा पॉलिमर) नॅनोपार्टिकल्स आयोनिक जिलेशनने (विरुद्ध चार्ज जोडून कण करणं) करतेय. कमी मॉलिक्युलर वेटचं कायटोसान २ मिग्रॅ/मिली, १% ॲसेटिक ॲसिडमध्ये. त्याच्या ५ मिलीत २ मिली टीपीपी (ट्रायपॉलिफॉस्फेट, ऋण चार्जचं; १ मिग्रॅ/मिली) थेंबथेंब, ७०० आरपीएमवर. साइज २६० नॅनोमीटर, पीडीआय (साइज किती विखुरलीय) ०.२४, झीटा (कणांवरचा चार्ज) +३१ मिलिव्होल्ट. पण ०.९% मीठ घालून पीएच ७.४ केला की तासाभरात साका बसतो. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर चोंदतो. एन्ट्रॅपमेंट (कणांत अडकलेलं औषध) जेमतेम २२%. आधी काय दुरुस्त करू?

कोलॉइड
आधी मीठ आणि पीएच. कायटोसानचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या अमाइनवर चार्ज असतो) ६.५ च्या आसपास. ७.४ ला अमाइनवरचा चार्ज जवळपास संपतो, कण एकमेकांना ढकलेनासे होतात. उरलासुरला चार्ज ०.९% मीठ झाकून टाकतं. मग साका बसणारच.

पीएच ५.५ ते ६ वर थांबा आणि आयसोटॉनिक (अश्रूंइतक्या ऑस्मोटिक दाबाचं) करायला मीठाऐवजी मॅनिटॉल किंवा ग्लिसरीन वापरा. नुसत्या पाण्यात मॅनिटॉल साधारण ५% लागतं. तुमच्या द्रावणात औषध आणि ॲसिटेटही आहे, म्हणून ऑस्मोमीटरवर २९० मिलिऑस्मोलच्या आसपास येईल इतकंच घाला. फॉस्फेट बफर नको, तो कायटोसानला चिकटतो. बफर कमजोर असला की थोडा आम्ल थेंब डोळा चालवून घेतो, अश्रू त्याचा पीएच लवकर वर आणतात.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. १% ॲसेटिक ॲसिड म्हणजे सुमारे ०.१७ मोलर. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच वर नेला की बीकरमध्येच सोडियम ॲसिटेट तयार होतं, म्हणजे वरून मीठ घालण्याआधीच मीठ झालेलं असतं. २ मिग्रॅ/मिली कायटोसानमधल्या अमाइनला ०.१% ॲसिड पुरतं. रात्रभर ढवळत ठेवा आणि गाळून घ्या.

नेत्रौषधी_एमफार्म
धन्यवाद सर. पण अश्रूंतही मीठ आणि ७.४ असतंच ना? मग डोळ्यात गेल्यावर कण टिकतील का?

कोलॉइड
बरोबर शंका आहे. डोळ्यात अश्रू ७ मायक्रोलिटरच्या आसपास, थेंब ३० ते ५०. त्यामुळे सुरुवातीला थेंबाचाच पीएच चालतो आणि तेवढ्यात धन चार्जचे कण म्युसिनला (डोळ्यावरच्या श्लेष्मातलं प्रथिन) चिकटू शकतात. पण हे गृहीत धरू नका, मोजा. कृत्रिम अश्रुद्रव करा: १०० मिलीत सोडियम क्लोराइड ०.६७ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.२० ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.००८ ग्रॅम. ३४ अंशांना त्यात कण मिसळून ०, ५, १५, ३० मिनिटांनी साइज घ्या. लगेच गुठळ्या होत असतील तर ट्रायमिथाइल कायटोसानकडे वळा, त्याचा चार्ज ७.४ लाही राहतो.

फॉर्म्युलेशन_लॅब
एन्ट्रॅपमेंटचं कारण औषधातच आहे. टिमोलॉलचा पीकेए ९.२ च्या जवळ, म्हणजे पीएच ५ ला ते धन आणि कायटोसानही धन. त्यात ते पाण्यात सहज विरघळतं. कणात राहायला त्याला काही कारणच नाही. टीपीपी वाढवून फरक पडणार नाही, उलट कण गोळा होतील. सोडियम अल्जिनेट किंवा हायल्युरोनेटसारखा ऋण पॉलिमर घेऊन बघा.

ते २२% सुद्धा खरे आहेत का ते तपासा. २९५ नॅनोमीटरला सुपरनेटंट (कण खाली बसवल्यावर वर उरलेलं द्रव) मोजताना ब्लँक म्हणून पाणी नको, औषधाविना केलेल्या कणांचं सुपरनेटंट हवं. न बसलेले बारीक कण गढूळपणा वाढवतात. सेंट्रिफ्यूगल फिल्टर वापरत असाल तर नुसतं औषध त्यातून पूर्ण परत मिळतं का ते आधी पाहा. रिलीजसाठी (कणांतून औषध किती वेगाने सुटतं) डायलिसिस बॅगेत साध्या द्रावणाचा कंट्रोल लावाच. तो वक्र कणांच्या वक्राला चिकटून आला तर तुम्ही बॅगेचा वेग मोजताय, कणांचा नाही.

फिल्टरचं म्हणाल तर २६० नॅनोमीटरचे कण ०.२२ मधून जाणारच नाहीत. कायटोसान (आधी ०.४५ मधून) आणि टीपीपी वेगवेगळे ०.२२ मधून गाळा, मॅनिटॉलचंही तसंच, आणि लॅमिनार फ्लोखाली निर्जंतुक भांड्यात मिसळा. तयार कण ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका.

माझं स्पष्ट मत: टिमोलॉलला नॅनोपार्टिकलची फारशी गरज नाही. जेलन गमचं, दिवसातून एकदा घालायचं टिमोलॉल कधीच बाजारात आलंय. अश्रूंतल्या आयनांनी ते डोळ्यात जेल होतं. व्हायव्हात परीक्षक हेच विचारतील, म्हणून तुलनेला साध्या ड्रॉप्सबरोबर तेही ठेवा. औषध बदलता येत असेल तर पाण्यात न विरघळणारं घ्या. मुंबईच्या सन फार्माच्या ‘सेक्वा’ला २०१८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, ते सायक्लोस्पोरिन ०.०९% नॅनोमायसेलमध्ये आहे. तिथे कणांचा खरा उपयोग होतो.

कॉर्निया_परमिएशन
पुढे औषध किती पार होतं ते बघायला शेळीच्या कॉर्नियावर जाणार असाल तर डोळे ताजे हवेत, खाटकाकडून थंड सलाइनमध्ये आणा आणि त्याच दिवशी काही तासांत लावा. कापताना भोवती २ ते ४ मिमी स्क्लेरा ठेवा, क्लॅम्प त्यावर बसतो. एपिथेलियम (कॉर्नियाचा बाहेरचा थर) डोनरकडे, म्हणजे डिफ्युजन सेलमध्ये औषध घालायच्या बाजूला. प्रयोग संपल्यावर कॉर्निया वजन करून, सुकवून पुन्हा वजन करा: पाण्याचं प्रमाण ७५ ते ८० टक्के ठीक, ८३ च्या वर गेलं तर ऊती खराब झालेली आहे आणि त्या सेलचा आकडा धरू नका.