कदंबकालीन गोपकपट्टणात ‘पुरावा शोधणारा’ नायक बसतो का?
(ऐतिहासिक रहस्यकथा लिहिण्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

जुवारीकाठ
बाराव्या शतकातल्या गोव्यावर रहस्यकथा लिहायला घेतली की पहिल्या दहा पानांतच नायक पावलांचे ठसे मोजू लागतो. माझा याला ठाम विरोध आहे. गोव्याचे कदंब राजे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. दुसऱ्या जयकेशीची राणी मैलळदेवी ही सहाव्या विक्रमादित्याची मुलगी, आणि त्याच विक्रमादित्याच्या राजवटीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. म्हणजे गोपकपट्टणातली, कदंबांच्या राजधानीतली, न्यायसभा कोणत्या नियमांनी चालली असेल, हे कल्पनेवर सोडायची गरजच नाही. प्रमाणं तीन: लिखित, भुक्ती (प्रत्यक्ष ताबा), साक्षी. साक्षीदार किमान तीन हवेत. यातलं काहीच नसेल तर दिव्य, म्हणजे देवावर सोपवलेली कसोटी. ठसा, रक्ताचा डाग, तुटलेली बांगडी यांना या यादीत जागा नाही. नायकाने सत्य शोधायचं ते कागदपत्रांतून आणि माणसांच्या तोंडून. (‘कागद’ही नकोच, ताडपत्र म्हणा.)

ताडपत्र
यादी बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. सभेत काय मान्य होतं आणि सभेबाहेर माणूस काय बघत होता, या दोन वेगळ्या गोष्टी. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात (भागात) आकस्मिक मृत्यूच्या तपासाचं अख्खं प्रकरण आहे. प्रेताला तेल लावून तपासायचं, हात-पाय-दात-नखं काळी पडली असतील तर विषाचा संशय घ्यायचा, उरलेलं अन्न पक्ष्यांना घालून बघायचं. मृताच्या पोटातला अंश आगीत टाकल्यावर तडतडला आणि ज्वाळेत इंद्रधनुष्याचे रंग दिसले तर विष. इतकं बारीक लिहिलेलं असताना ‘त्या काळात तपास नव्हता’ असं कसं म्हणता येईल?

जुवारीकाठ
कौटिल्य आणि बाराव्या शतकातलं गोवा यांत हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. अर्थशास्त्राची पोथी आपल्याला १९०५ साली म्हैसूरला सापडली, छापली गेली १९०९ साली. बंदरावरच्या एखाद्या कारकुनाने ती वाचली होती असं दाखवायचं तर ती त्याच्यापर्यंत कशी पोचली हेही कथेत सांगावं लागेल. नाहीतर ती लेखकाची सोय ठरते.

मानशीजवळ
शास्त्र बाजूला ठेवूया. गोव्याच्या जमिनीतच असा पुरावा आहे जो ओळखायला पोथी लागत नाही: खाजन. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती, आणि बांधातली मानस, म्हणजे पाणी सोडायची दारं असलेली मोरी. मानशीची लाकडी दारं नदीकडे उघडतात. भरतीला नदीचं पाणी त्यांना दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. कुणी हात लावावा लागत नाही.

आता खाजनाच्या पोंयत (मानशीच्या आतल्या पाण्याच्या डोहात) सकाळी प्रेत सापडलं असं समजा. सगळे म्हणतात, गलबतावरून नदीत पडला आणि भरतीबरोबर आत आला. मानस शाबूत असेल तर हे शक्यच नाही, कारण भरतीला दारं मिटलेली असतात. मग एकतर तो आतच मेला, नाहीतर कुणीतरी दारं अडकवून उघडी ठेवली. दारं उघडी राहिली असतील तर खारं पाणी आत शिरलेलं असणार, आणि ते बांधाजवळच्या भातावर दिसणारच. हे मानशीची राखण करणाऱ्या माणसाला कुठल्याही पंडितापेक्षा आधी कळेल. तुमचा नायक तोच करा.

एक काळजी घ्या. तिथी दिली की भरती ठरली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती), आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे. पहिल्या प्रकरणात एकादशी आणि तिसऱ्यात दुसऱ्याच दिवशी उधाण असं लिहिलंत तर गावातला कुठलाही पागी (मासेमार) पुस्तक मिटेल.

भिरंडसोल
थोडक्यात जेवणाबद्दल. १५१० च्या, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज सत्ता येण्याच्या, आधीच्या कथेत मिरची, काजू, बटाटा, टोमॅटो, अननस, पपई नको, पावही नको. तिखटासाठी मिरी, आंबटासाठी भिरंड (कोकम), बांगड्याला तेफळ (तिरफळ). काजूची फेणी पाजून गुंगवलेला पहारेकरी काढून टाका. त्याला माडाची सूर (ताडी) द्या.

अक्षरवाटी
जुवारीकाठ यांचं ‘लिखित’ धरलं तरी त्यातच भरपूर तपास आहे. ताम्रपट घ्या. दोन-तीन पत्रे, भोकातून ओवलेली कडी, कडीची टोकं मुद्रेत जोडलेली. मध्ये एक खोटा पत्रा घुसवायचा तर कडी कापावीच लागते आणि पुन्हा जोडल्याची खूण राहते. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू सहसा कोरी असते, बऱ्याच पत्र्यांच्या कडा अक्षरं झिजू नयेत म्हणून उचललेल्या असतात. नव्या पत्र्याची कड सपाट निघाली तर तिथेच बोट ठेवावं. जुना पत्रा ठोकून पुन्हा कोरला तर आधीच्या अक्षरांच्या रेघा उरतात.

सगळ्यात सुंदर चूक तारखेची. शक, संवत्सर, मास, तिथी, वार हे सगळं जुळावं लागतं. चाळीस वर्षं मागची तारीख घालणारा खोटारडा वार चुकतो, अधिक मास विसरतो. हे ज्योतिषी बसल्या जागी पकडेल आणि सभेलाही नाकारता येणार नाही. १०५९ सालच्या पणजी ताम्रपटात पहिल्या जयकेशीचा अधिकारी छडम याने बांधलेल्या मिजिगितीसाठी, म्हणजे मशिदीसाठी, जहाजांवर बसवलेल्या कराची नोंद आहे. बंदराचं उत्पन्न, परदेशी व्यापारी, देणगीचा लेख: याहून चांगला हेतू कुठे शोधायचा?

जुवारीकाठ
कडीचा मुद्दा मला मान्य, तो माझ्याच बाजूचा आहे. मानशीचाही पटला, पण अर्धाच. राखणदाराला कळलं तरी तो एकटा आहे. तीन साक्षीदार कुठून आणणार? खरं कळूनही सभेत सिद्ध करता न येणं, हाच या काळातला खरा पेच आहे, आणि बहुतेक लेखक तो टाळतात.

ताडपत्र
मग तो पेच दिव्यापर्यंत न्या, पण नीट न्या. तुला (तराजूत तोलणं), अग्नी, जल, विष, कोश हे पाच प्रकार. म्हातारीच्या हातावर तापलेला गोळा ठेवणारा प्रसंग लिहू नका. स्त्रिया, मुलं, वृद्ध, आंधळे, आजारी यांच्यासाठी तुलेची कसोटी सांगितली आहे. अग्निदिव्यात आधी तळहातावर साळीचे दाणे चोळायचे, सात अश्वत्थाची पानं दोऱ्याने बांधायची, ५० पलांचा (पल हे वजनाचं जुनं माप) लोखंडी गोळा घेऊन १६-१६ अंगुळांची सात मंडळं चालायची. शिवाय मोठ्या आरोपातच दिव्य, आणि तेही आरोप करणारा हरल्यास दंड सोसायला तयार असेल तर. ही अट कथेसाठी सोनं आहे: खोटा आरोप करणारा इथे कचरतो.

माझी पसंती कोशाला. देवाच्या स्नानाचं पाणी प्यायचं आणि १४ दिवसांत काही अनिष्ट घडलं नाही तर माणूस निर्दोष. म्हणजे राखणदाराला साक्षीदार जमवायला नेमके १४ दिवस मिळतात, आणि खऱ्या गुन्हेगारालाही त्या निर्दोष माणसावर काहीतरी अनिष्ट घडवून आणायला तेवढेच.