शब्दचर्चा : 'टॉल' गिअर, 'शॉर्ट' गिअर आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर

अनुवादमग्न :
अमेरिकेतील एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत आहे. लेखकाकडे १९७० ची शेव्हरोले शेव्हेल आहे. तिला मोठे व्ही-८ इंजिन आणि तीन गतींचा टर्बो-हायड्रॅमॅटिक ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. शर्यतीपेक्षा रस्त्यावरच अधिक चालणाऱ्या या गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये ३.३१, ३.७३ आणि ४.१० यांपैकी कोणते गुणोत्तर बसवावे, याचा ऊहापोह त्याने केला आहे. अडचण अशी की तो ३.३१ ला 'टॉल' किंवा 'हाय' गिअर म्हणतो आणि ४.१० ला 'शॉर्ट' किंवा 'लो'. मी अनुक्रमे 'वरचा' आणि 'खालचा' असे लिहिले, तर मुद्रितशोधकांनी समासात शेरा मारला की ४.१० हा आकडा ३.३१ पेक्षा मोठा असताना तो खालचा कसा? 'उंच गिअर' आणि 'बुटका गिअर' हे माझ्याच्याने लिहवत नाही. मराठीत यासाठी रुळलेला शब्द आहे का?

घाटमाथा :
मुद्रितशोधकांचा गोंधळ शब्दामुळे नसून आकड्यामुळे झाला आहे. घाट चढताना आपण 'खालचा गिअर टाका' असे म्हणतो, तेव्हा खालच्या गिअरच्या गुणोत्तराचा आकडा नेहमी मोठाच असतो. याच शेव्हेलच्या गिअरबॉक्सचे उदाहरण घ्या. तिच्यातील पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.४८ आहे आणि तिसऱ्याचे १.००, तरीही २.४८ ला खालचा म्हणण्यावर आजवर कोणाची हरकत आलेली नाही. मागच्या ॲक्सललाही तोच न्याय लावावा. ४.१० म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याला) चार फेऱ्यांहून थोडे अधिक फिरावे लागते. त्यामुळे ओढ वाढते आणि पळ कमी होतो, म्हणून तो खालचा.

कोशप्रेमी :
घाटमाथा यांचे गणित बरोबर आहे, परंतु त्यांचा न्याय मला पटत नाही. 'वरचा' आणि 'खालचा' हे शब्द क्रमातील स्थान दाखवतात. गिअरबॉक्समध्ये पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम असतो आणि चालक त्यात खालीवर जातो, म्हणून तेथे ते शोभतात. मागच्या ॲक्सलमध्ये दातांची एकच जोडी कायमची बसवलेली असते. तिच्या वर किंवा खाली काहीच नसताना 'खालचा' म्हणजे कशाच्या खालचा, हे वाचकाला कसे कळावे? मी 'लांब पल्ल्याचे' आणि 'आखूड पल्ल्याचे' गुणोत्तर असे सुचवेन. इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी किती अंतर कापते हा येथे खरा मुद्दा आहे आणि 'पल्ला' या शब्दात अंतराची कल्पना आहेच.

दोन-मात्रा :
मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवतो. मराठी अंकासाठी लिहिताना 'गिअर' आणि 'ॲक्सल' हे शब्द तसेच ठेवण्याचे कारण काय? बैलगाडीचा 'आस' आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. तो संस्कृत 'अक्ष' या शब्दाचा वंशज मानला जातो आणि इंग्रजी 'ॲक्सल' हाही त्याच प्राचीन कुळातला आहे. घरचा शब्द असताना त्याच्याच परदेशी चुलतभावाला बोलावून आणण्यात मला अर्थ दिसत नाही. 'मागच्या आसाचे दंतगुणोत्तर' असे लिहावे.

घाटमाथा :
बैलगाडीचा आस जागच्या जागी स्थिर असतो आणि चाके त्याच्यावर फिरतात. शेव्हेलच्या मागच्या ॲक्सलमध्ये नळीच्या आत शाफ्ट फिरतो, तोच चाकाला फिरवतो, आणि मधल्या फुगीर भागात क्राउन-पिनियन, म्हणजे मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी, असतो. हे सगळे मिळून आपल्या गॅरेजमध्ये 'ॲक्सल' म्हटले जाते. तेथे जाऊन 'आसाचे दंतगुणोत्तर' मागणाऱ्या माणसाला चहा मिळेल, क्राउन-पिनियन मिळणार नाही.

दोन-मात्रा :
इंग्रजांनीही घोडागाडीच्या स्थिर दांड्याला ॲक्सल म्हटले आणि पुढे तोच शब्द फिरत्या शाफ्टसाठी वापरला. त्यांच्या शब्दाला अर्थविस्तार चालतो आणि आमच्या शब्दाला चालत नाही, हा कोणता न्याय? शिवाय 'गुणोत्तर' तुम्ही सर्वजण बिनतक्रार वापरीत आहात. तो तरी गॅरेजमधला शब्द आहे का?

कोशप्रेमी :
'गुणोत्तर' शाळेतल्या 'गुणोत्तर व प्रमाण' या धड्यामुळे घरोघरी पोहोचला आहे. गंमत म्हणजे हिंदीत त्यासाठी 'अनुपात' वापरतात, आणि तिकडे 'गुणोत्तर श्रेढी' म्हटले की ज्या मालिकेत प्रत्येक पद ठरावीक संख्येने गुणून पुढचे मिळते ती मालिका समजतात. त्यामुळे हा शब्द शुद्ध की अशुद्ध यापेक्षा कोणत्या शाळेत शिकलो यावरच अधिक अवलंबून आहे. गॅरेजमध्ये मात्र मी 'रेशो' सोडून दुसरे काही ऐकलेले नाही.

मिशिगनवासी :
मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि अशा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना नियमाने जातो. येथील मंडळी एकाच गोष्टीला अनेक शब्द वापरतात. ४.१० ला कोणी 'शॉर्ट' म्हणतो, कोणी 'डीप', तर कोणी 'स्टीप', आणि ३.०८ ला सरळ 'हायवे गिअर' म्हणतात. घोटाळा टाळायचा असेल तेव्हा जाणकार 'न्यूमरिकली हायर', म्हणजे 'आकड्याने मोठा', असे मुद्दाम सांगतात. इंग्रजीतच शब्द ठरलेला नसताना मराठीने एकाच शब्दाचा हट्ट का धरावा?

भाषांतरापुरते म्हणाल तर लेखकाचा मुद्दा आधी उलगडू द्या, मग शब्द आपोआप सुचेल. २६ इंच व्यासाचे टायर धरले आणि शेवटचा गिअर १.०० असला, तर ताशी ६० मैल वेगाला ३.३१ वर इंजिन मिनिटाला सुमारे २,५७० फेरे घेते, ३.७३ वर सुमारे २,८९०, आणि ४.१० वर जवळजवळ ३,१८०. सिग्नलवरून सुटताना ४.१० ची मजा काही वेगळीच असते, पण महामार्गावर तासभर तो आवाज ऐकल्यावर मालकाला ३.३१ ची आठवण येते. तीन गतींच्या गिअरबॉक्ससोबत रस्त्यावरच्या गाडीत ४.१० बसवणे म्हणजे मी हौस म्हणेन, शहाणपण नव्हे.

आता त्याच गाडीत चार गतींचा ७००-आर-४ हा गिअरबॉक्स बसवला तर चित्र बदलते. त्याचा पहिला गिअर ३.०६ आहे आणि चौथा ०.७०. ३.०६ ला ३.३१ ने गुणले तर १०.१३ येतात, जुन्या २.४८ ला ४.१० ने गुणले तर १०.१७. म्हणजे ३.३१ ठेवूनही सुटतानाची ओढ जवळजवळ ४.१० इतकीच मिळते आणि चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांना इंजिन १,८०० फेऱ्यांच्या आसपास शांत राहते. मात्र कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, शर्यतीच्या धाटणीचा असेल तर इतक्या कमी फेऱ्यांना इंजिन कुरकुरते, आणि तेथे ३.७३ योग्य ठरतो. सांगायचे असे की 'टॉल' किंवा 'शॉर्ट' हा गुण एकट्या ॲक्सलचा नसून गिअरबॉक्स, टायर आणि इंजिन या साऱ्यांच्या संगतीत ठरतो.

पिवळी पाटी :
रस्त्यावरचे मराठी तुम्ही कोणी ऐकत नाही असे दिसते. आपल्याकडे गाडीबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. पिकअप कसा आहे आणि ॲव्हरेज किती देते. ४.१० म्हणजे 'पिकअपचा रेशो' आणि ३.३१ म्हणजे 'ॲव्हरेजचा रेशो'. ज्याने मसल कारचे, म्हणजे शेव्हेलसारख्या दणकट इंजिनाच्या गाडीचे, चित्रही पाहिलेले नाही त्यालाही हे समजेल.

कोशप्रेमी :
'पिकअप' मान्य, पण 'ॲव्हरेज' येथे दिशाभूल करतो. लेखकाने ३.३१ चा विचार पेट्रोल वाचवण्यासाठी केलेला नाही. मिशिगनवासी यांनी सांगितल्याप्रमाणे त्याला महामार्गावरचा आवाज नको आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर आणि १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची देशव्यापी वेगमर्यादा आल्यानंतर अमेरिकी गाड्यांत जे २.७३ आणि २.५६ सर्रास दिसू लागले, त्यांना 'ॲव्हरेजचा रेशो' म्हणालात तर माझी हरकत नाही.

अनुवादमग्न :
सर्वांचे आभार. 'लांब पल्ल्याचे गुणोत्तर' मला आवडले होते, पण लेखात पुढे 'टॉल टायर' हाही शब्द आला आहे आणि तेथे तो खरोखरच उंच टायरसाठी आहे. टायर उंच झाले की गुणोत्तरही 'उंच' झाल्यासारखे वागते, असे लेखक म्हणतो. ही कोटी 'पल्ल्या'त कशी आणावी?

गणिताची वही :
त्या कोटीत पडण्याऐवजी मी वेगळाच प्रश्न विचारतो. सुटसुटीत ३.७५ किंवा ४.०० सोडून ३.७३ आणि ४.१० असे वेडेवाकडे आकडे का, हे लेखात आहे का? ३.७३ म्हणजे क्राउनचे ४१ दात भागिले पिनियनचे ११, आणि ४.१० म्हणजे ४१ भागिले १०. ४१ ही मूळ संख्या असल्यामुळे ४१ व ११, तसेच ४१ व १०, या सहमूळ जोड्या आहेत, म्हणजे त्यांना १ खेरीज समाईक विभाजक नाही. अशा जोडीत पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. ४० व १० अशी जोडी घेतली असती तर तेच दात पुन्हा पुन्हा एकमेकांवर घासत राहिले असते. फोर्डच्या ९ इंची ॲक्सलमधील ३.५० मात्र ३५ व १० अशा असहमूळ जोडीतून येतो.

घाटमाथा :
उत्तम. यावरून आठवले की आपल्याकडे जीपवाले दशांश चिन्हाचा वापर करीतच नाहीत. जुन्या विलीज जीपच्या ५.३८ गुणोत्तराला ते 'आठ-त्रेचाळीस' म्हणतात, कारण पिनियनला ८ दात आणि क्राउनला ४३. त्या न्यायाने शेव्हेलचा ३.७३ हा 'अकरा-एक्केचाळीस' आणि ४.१० हा 'दहा-एक्केचाळीस'. उंच नाही, बुटका नाही, वरचा नाही, खालचाही नाही. भाषांतरकारांनी हेच लिहावे.

दोन-मात्रा :
'अकरा-एक्केचाळीस' हे गुणोत्तर म्हणून वाचले तर ते ११ : ४१ होते आणि त्याची किंमत ०.२७ च्या आसपास येते, ३.७३ नव्हे. शालेय गणित इतके तरी पाळावे. 'एक्केचाळीस-अकरा' असे हवे.

घाटमाथा :
क्राउनचे दात पिनियनपेक्षा नेहमीच जास्त असतात. त्यामुळे दुकानदाराला तुम्ही कोणत्याही क्रमाने सांगा, मोठा आकडा क्राउनचा हे तो विचारल्यावाचून समजतो.

दोन-मात्रा :
मग मध्ये संयोगचिन्ह ठेवा, गुणोत्तरचिन्ह देऊ नका.