मदत हवी आहे: औजारे बँकेचं पेरणीयंत्र दीड-दोन एकरवाल्यांपर्यंत वेळेत कसं पोचवायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात. सोयाबीन-तूर हेच मुख्य पीक, थोडी पराटी (कपाशी), आणि विहिरीला पाणी असेल त्याच्याकडे हरभरा. आमच्या 22 जणांच्या गटाने पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पातून औजारे बँक घेतली, म्हणजे सभासदांना भाड्याने द्यायची सामाईक औजारे. अनुदान 60 टक्के, उरलेले पैसे आम्ही पदरचे घातले. एक ट्रॅक्टर, रुंद सरी वरंबा पेरणीयंत्र (गादीवाफे आणि मधे सऱ्या पाडून पेरतं ते, गावात सगळे बीबीएफच म्हणतात), रोटाव्हेटर आणि मळणीयंत्र आहे. ग्रामपंचायतीने शाळेची जुनी खोली दिली, तिथे आता आमचं केंद्र चालतं. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडून प्रत्येकाच्या घरच्या सोयाबीनची उगवण बघतो. 70 च्या खाली आली तर ते बियाणं पेरू नका म्हणून सांगतो. मातीचे नमुने एकदम गोळा करून प्रयोगशाळेत पाठवतो. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात काही जण शिकूनही आले.

अडचण आहे ती पेरणीच्या मोजक्या दिवसांची.

गटाची मिळून 140 एकर जमीन. बीबीएफने आमच्याकडे दिवसाला 10 एकर होतात. म्हणजे सलग 14 दिवस लागतील. पण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर जमिनीला वाफसा (पेरणीजोगी ओल) येतो आणि पुढची झड लागेपर्यंत हातात पाचेक दिवस असतात. त्यात 50 एकर उरकतात.

आमचा नियम असा की रजिस्टरमध्ये ज्याचं नाव आधी त्याचं वावर आधी. ऐकायला सरळ आहे, म्हणून सगळ्यांनी मान्यही केला. झालं असं की पहिली सहा नावं आठ-दहा एकरवाल्यांची लागली आणि पाच दिवस त्यातच गेले. आमच्या गटात एक काकू आहेत, नवरा वारलेला, दीड एकर वावर. त्यांचं नाव 17 वं होतं. नंबर आला त्या दिवशी सकाळपासून झड सुरू. वाफसा आला तेव्हा ट्रॅक्टर पांदणीतून (शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेतून) त्यांच्या वावरात जाईना. शेवटी मागून आणलेल्या बैलजोडीवर तिफणीने पेरलं. ऑगस्टमध्ये पाणी साचलं तेव्हा बीबीएफच्या सऱ्यांमधून ते निघून गेलं, काकूंचा मात्र खोलगट भागातला पट्टा पिवळा पडला. बँक उभी करायच्या वेळी घरोघर फिरून वर्गणीचे पैसे मीच मागितले होते. काकूंनी शेळी विकून दिले होते. तेव्हापासून मला हे सुटत नाही.

तर विचारायचं आहे:

नंबर लावायचा दुसरा कोणता नियम तुमच्याकडे चालतो का? भाडं एकरावर ठेवावं की तासावर? आणि पांदणीपलीकडच्या वावरांचं काय करावं? दुसरा ट्रॅक्टर घ्या हे उत्तर कृपया नको. आहे त्याचीच देखभाल जेमतेम निघते.

प्रतिसाद (जालना)

आमच्याही गटात हीच भांडणं झाली. आता नियम असा आहे: पहिल्या फेरीत कोणालाही जास्तीत जास्त दोनच एकर. दहा एकरवाला असो की दीडवाला. सगळ्यांची पहिली फेरी झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. तुमचे 22 सभासद धरले तर 40-44 एकर, म्हणजे पाच दिवसांच्या आतच बसतं. मोठ्या शेतकऱ्यांना राग येतो, पण त्यांच्याकडे दुसरा ट्रॅक्टर भाड्याने आणायची ऐपत असते.

धागाकर्ता

दादा, हे गणित मी कधी असं मांडलंच नव्हतं. पण दोन-दोन एकरासाठी ट्रॅक्टर या टोकाहून त्या टोकाला पळाला तर डिझेल किती जाईल?

प्रतिसाद (जालना)

व्यक्तीप्रमाणे फिरवू नका, शिवाराप्रमाणे फिरवा. आम्ही शिवाराचे तीन भाग केलेत. कोणता भाग आधी, याची चिठ्ठी दरवर्षी सगळ्यांसमोर काढतो. त्या भागात यंत्र गेलं की तिथल्या सगळ्यांचे दोन-दोन एकर करूनच बाहेर पडतं.

प्रतिसाद (परभणी)

पांदणीपलीकडच्यांसाठी सांगते. मे महिन्याच्या शेवटी तुमचा ट्रॅक्टर बहुतेक मोकळाच असतो ना? तेव्हा पांदण कोरडी असते. जमीन तयार करून बीबीएफने नुसते गादीवाफे पाडून ठेवा, बियाणं नको. पुरेसा पाऊस झाला की वाफ्यावर हाताच्या टोकण यंत्राने (ठरावीक अंतरावर दाणे मातीत टोचतं ते) सोयाबीन टोकायचं. ट्रॅक्टर लागतच नाही. आम्ही दोन एकर असंच करतो. बियाणंही वाचतं, पेरणीला एकरी 30 किलो जायचं, ते 22 च्या आत येतं. मजूर लागतात हे खरं, पण दीड एकराला घरचे चार हात आणि शेजारची मदत पुरते. एक काळजी घ्या, पहिल्या पावसानंतर वाफ्यावर तण उगवतं. ते काढल्याशिवाय टोकू नका, नाहीतर पुढे निंदणीत सगळी बचत जाते.

प्रतिसाद (यवतमाळ)

दादा, तुमचा ड्रायव्हर कशावर आहे ते आधी बघा. आमच्या महिला गटात त्याला एकरामागे पैसे मिळायचे. मग तो लहान वावर टाळायचाच, कारण धुऱ्याधुऱ्याला वळवण्यातच वेळ जातो आणि दिवसाचे एकर कमी भरतात. आम्ही पेरणीच्या दिवसांत त्याला रोजावर घेतलं आणि त्याचा फोन नंबर कोणाला द्यायचा नाही असं ठरवलं. मागणी फक्त केंद्रातल्या रजिस्टरवर. याच कारणाने शेतकऱ्याकडून भाडं एकरावरच घ्या, तासावर घेतलं की लहान तुकड्यावाल्याला महाग पडतं.

आणखी एक. सातबारा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असतो, म्हणून कसणारी बाई सभासदच होत नाही आणि तिचं नाव रजिस्टरला येतच नाही. पुढच्या बैठकीत हे नक्की तपासा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रायव्हरचं अगदी खरं निघालं. आमचाही एकरावरच आहे आणि त्याला सांगणारे फोन कोणाचे जातात तेही कळलं. काल बैठक झाली. दोन एकराची पहिली फेरी 22 पैकी 15 जणांनी मान्य केली, चिठ्ठी अक्षय्य तृतीयेला काढायची. ड्रायव्हर जूनमध्ये रोजावर. सातबाऱ्याचा विषय काढला तेव्हा आमच्याच गावात तशा तीन जणी निघाल्या, त्यांना या वर्षापासून रजिस्टरला घेतोय.

काकूंना वाफे आधी पाडून ठेवायचं सांगितलं, त्या तयार आहेत. परभणीच्या ताईंना आता एवढंच विचारतो: काकूंचं वावर उताराचं आहे आणि ट्रॅक्टर उताराला आडवा चालवला तर सऱ्या आखूड होऊन वळणं फार वाढतात. तरी वाफे आडवेच पाडावेत ना? आणि 22 जणांत टोकण यंत्रं किती घ्यावीत? सध्या चार घ्यायचा विचार आहे.