मदत हवी आहे : उन्हाळ्यात बांधलेला कुत्रा चावला, त्याला गारव्यात ठेवण्याचे उपाय सुचवावेत

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका बैठ्या घरात राहतो. आमच्याकडे गुंड्या नावाचा सहा वर्षांचा गावठी कुत्रा असून आजवर तो घरातल्या कोणावर साधा गुरगुरलाही नव्हता. गेल्या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास तो पाण्याच्या टाकीखाली पडलेला असताना, सुट्टीसाठी आलेला माझ्या नणंदेचा सात वर्षांचा मुलगा त्याला खेळण्यासाठी पाय धरून बाहेर ओढू लागला आणि गुंड्याने त्याच्या मनगटाचा चावा घेतला.

जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुतली, तिच्यावर हळद भरू दिली नाही (सासूबाई त्यावरून अजून नाराज आहेत) आणि तासाभरात सरकारी रुग्णालय गाठले. रेबीजच्या लसीचा पहिला डोस त्याच दिवशी आणि दुसरा बुधवारी झाला. गुंड्याला दरवर्षी लस दिलेली आहे, तरीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवून आहोत. त्याचे खाणेपिणे व्यवस्थित आहे, त्यामुळे प्रश्न उपचारांचा नसून पुढच्या दीड महिन्याचा आहे.

परसात जो कडुलिंब होता, तो मागच्या वर्षी कुंपणाच्या भिंतीसाठी तोडावा लागला. तेव्हापासून गुंड्या पत्र्याच्या शेडमध्ये साखळीने बांधलेला असतो. सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की त्या पत्र्याखाली उभे राहवत नाही, मग अंगावर केस असलेल्या जनावराचे काय होत असेल? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो येतो फक्त तळपायांना, आणि बाकी सारी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. वळवाच्या आधी हवा दमट होते, तेव्हा जिभेवरची ओल लवकर सुकत नाही आणि धापा टाकूनही त्याचा जीव थंड होत नाही. माझ्या मते चाव्याचे मूळ इथेच आहे. अमेरिकेतील आठ शहरांमधील २००९ ते २०१८ या काळातील सुमारे ७० हजार चाव्यांच्या नोंदी तपासल्या असता, उष्ण आणि कडक उन्हाच्या दिवशी चाव्यांचे प्रमाण काहीसे वाढलेले आढळले होते. अर्थात अशा दिवशी माणसे आणि कुत्री दोन्ही बाहेर अधिक असतात हेही एक कारण असू शकते.

आतापर्यंत पत्र्यावर उसाचा पाला अंथरला आहे, पाण्यासाठी मातीचे पसरट भांडे ठेवले आहे आणि फिरायला नेण्याची वेळ सकाळी साडेसहाच्या आत व रात्री आठनंतर केली आहे. सल्ल्यांना मात्र तोटा नाही. शेजारचे काका त्याचे केस भादरून टाका म्हणतात, तर सासरे उन्हाळी म्हणून भाकरीसोबत कांदा देऊ पाहतात. कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपायकारक असतो आणि द्राक्षे व बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना, हे मी वाचले आहे. तासगावकडच्या पाहुण्यांनी आणलेला बेदाणा घरोघरी डब्यात असणाऱ्या आपल्या भागात दुसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. केस कापावेत का, अंगावर ओले पोते टाकणे योग्य आहे का, आणि दुपारच्या वेळी मुलांना त्याच्यापासून कसे दूर ठेवावे, हे कृपया अनुभवी सभासदांनी सांगावे.

प्रतिसाद १ :
ताई, केस भादरू नयेत, कारण ते त्वचेला थेट उन्हापासून वाचवतात. मोकळे झालेले केस तेवढे रोज विंचरून काढावेत. ओले पोते अंगावर टाकू नका, ते थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडते. ते त्याच्या अंगाखाली अंथरा, आणि पोट व पाय पाण्याने भिजवून वारा लागू द्या. लाळ घट्ट होणे, हिरड्या लालभडक दिसणे, झोकांड्या जाणे किंवा उलटी होणे यांपैकी काहीही दिसले, तर पाणी ओतत ओततच पशुवैद्यकाकडे न्यावे.
परंतु तुमच्या मजकुरात मला उन्हाइतकीच साखळी खटकली. सावली सरकते, बांधलेल्या कुत्र्याला सरकता येत नाही. आणि कोणी अंगाशी आले तर मोकळा कुत्रा उठून जातो, बांधलेल्याला ती सोय नसते. आडोशाला पडलेल्या कुत्र्याला पाय धरून ओढले, तर तो हिवाळ्यातही चावेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद :
मनःपूर्वक आभार. साखळीचा मुद्दा वाचून आधी थोडा राग आला, मग पटला. परसाच्या दाराला कडी नसल्याने आम्ही त्याला बांधत होतो. आज सुतार येऊन कडी बसवून गेला. सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत गुंड्या मागच्या पडवीत शहाबादी फरशीवर मोकळा राहील, आणि त्या वेळेत मधले दार आतून बंद ठेवायचे असे ठरले आहे. नणंदेच्या मुलाला 'झोपलेल्या गुंड्याला आधी हाक मारायची, तो उठून आला तरच हात लावायचा' असे सांगितले आहे, मात्र तो अजून स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच हाक मारतो.
उन्हात सतत तापणाऱ्या टाकीतले पाणी दुपारी त्याच्या अंगावर घालण्याजोगे राहत नाही. त्यासाठी माठाव्यतिरिक्त काही सोपा उपाय असल्यास जरूर कळवावे.