गुपित फुटल्यावरही चित्रपट का संपत नाही?

प्रश्न

कौटुंबिक गुपिते आणि रूढ चौकटीत न बसणारे प्रेम या विषयांवरचे कलात्मक चित्रपट मी सध्या ओळीने पाहतो आहे आणि एका गोष्टीपाशी अडखळलो आहे. रहस्यपटांच्या सवयीमुळे मी दर वेळी उलगड्याची वाट पाहत बसतो, पण यांतले बरेच दिग्दर्शक आपला हुकमाचा पत्ता आधीच टाकून मोकळे होतात. थॉमस विंटरबर्ग यांच्या 'फेस्टन' (१९९८) या डॅनिश चित्रपटात वडिलांच्या साठाव्या वाढदिवसाच्या मेजवानीत मुलगा भाषणाला उभा राहतो आणि आपल्यावर व आपल्या दिवंगत जुळ्या बहिणीवर वडिलांनी लहानपणी केलेल्या अत्याचारांची वाच्यता करतो, तेव्हा अर्ध्याहून अधिक चित्रपट अजून शिल्लक असतो. त्या उरलेल्या वेळात प्रेक्षकाने नेमके काय पाहावे अशी दिग्दर्शकाची अपेक्षा असते?

प्रतिसाद १

तुम्ही मुलाकडे पाहत राहिलात, म्हणून चित्रपट संपल्यासारखा वाटला असावा. पुढच्या वेळी पाहुण्यांकडे पाहा. भाषणानंतर क्षणभर सगळे गोठतात आणि मग, जणू कोणी चुकून पेला सांडला असावा इतक्या सहजतेने, जेवण पुढे सुरू होते. घरातील नोकर पाहुण्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या लपवून ठेवतात, त्यामुळे कोणालाही निघून जाता येत नाही. ऐकलेल्या गोष्टीसोबत रात्र काढणे सर्वांना भाग पडते. एखादे कुटुंब सत्य ऐकूनही ते न ऐकल्यासारखे कसे करते, हा या चित्रपटाचा खरा विषय आहे आणि त्यासाठी गुपित लवकर फुटणे अपरिहार्य होते.

'डॉग्मा ९५' या, चित्रीकरणातील कृत्रिमता टाळण्यासाठी कडक नियम घालून घेणाऱ्या डॅनिश दिग्दर्शकांच्या चळवळीचा हा पहिला चित्रपट, त्यामुळे कॅमेरा हातात धरलेला, बाहेरून जोडलेले पार्श्वसंगीत नाही, खास प्रकाशयोजना नाही. या नियमांची पुढे पुष्कळ थट्टा झाली (काही अंशी ती रास्तही होती), परंतु येथे ते कथेच्या कामी येतात. संगीत नसल्यामुळे कोणत्या क्षणी हादरायचे हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपणही त्या पाहुण्यांइतकेच अवघडून बसतो.

प्रतिसाद २

माइक ली यांचा 'सीक्रेट्स अँड लाइज' (१९९६) येथे आठवल्यावाचून राहत नाही. दत्तक गेलेली एक कृष्णवर्णीय तरुणी आपल्या जन्मदात्या आईचा शोध घेते आणि ती आई गोरी निघते. प्रेक्षकाला हे नाते आधीच ठाऊक असते. त्या दोघी कॅफेत शेजारी शेजारी बसतात तो प्रसंग पाहा: कॅमेरा समोर स्थिर आहे आणि कित्येक मिनिटे एकही कट नाही. आई प्रथम ठामपणे नाकारते, मग बोलता बोलता तिला काहीतरी आठवते आणि चेहरा कोसळतो. दिग्दर्शकाने येथे क्लोजअप घेतले असते, तर आपण एका वेळी एकीचेच दुःख पाहिले असते. दोघी एकाच चौकटीत असल्यामुळे आईला आठवत असताना मुलीला ते पाहावे लागते आहे, हेही आपल्याला दिसत राहते.

शेवटी घरातल्या एका वाढदिवसाच्या दिवशी सर्वांसमोर हे नाते उघड होते, तेव्हा त्याच्या धक्क्याने त्या घरातले आणखी एक दुःख बाहेर पडते आणि आईच्या भावजयीच्या रुक्षपणाचा अर्थच बदलून जातो.

प्रतिसाद ३

थोडी असहमती नोंदवतो. उलगडा उशिरा ठेवणे म्हणजे हलक्या दर्जाची युक्ती, असा सूर येथे उमटू लागला आहे. डेनी विलनव्ह यांच्या 'ॲन्सांदी' (२०१०) मध्ये आईच्या मृत्यूनंतर जुळ्या भावंडांच्या हाती दोन पत्रे दिली जातात: एक मृत समजलेल्या वडिलांसाठी आणि दुसरे अशा भावासाठी, ज्याचे अस्तित्वच त्यांना ठाऊक नव्हते. तेथील उलगडा अखेरीस येतो, आणि तो तसाच यायला हवा, कारण शोध मुलांचा आहे व प्रेक्षकाने त्यांच्या पुढे धावणे अन्यायाचे ठरले असते. तेव्हा 'लवकर की उशिरा' हा निकष फारसा उपयोगी नाही. आपण कोणाच्या अज्ञानात सहभागी आहोत, हे पाहावे.

प्रतिसाद ४

मूळ प्रश्नातील प्रेमाचा भाग सर्वांनी बाजूला ठेवला आहे, म्हणून लिहिते. फासबिंडर यांच्या 'अली: फिअर ईट्स द सोल' (१९७४) मध्ये साठीच्या आसपासची जर्मन सफाई कामगार एमी आणि तिच्यापेक्षा बराच तरुण मोरोक्कन मजूर अली विवाह करतात. एमी मुलांना ही बातमी सांगते, तेव्हा एक मुलगा लाथ मारून तिचा टीव्ही फोडतो. येथपर्यंतचा चित्रपट अपेक्षेप्रमाणे जातो: समाज वाईट, जोडपे चांगले.

पण उत्तरार्धात लोक मऊ होतात, आणि तेही मनपरिवर्तनाने नव्हे. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते, मुलाला मूल सांभाळायला आई हवी असते. बाहेरचा दाब कमी होताच तडे आतून पडू लागतात. एमी मैत्रिणींना अलीचे दंड हात लावून पाहू देते, जणू तो एखादी मिरवायची वस्तू आहे. ज्या नजरेचा त्रास तिने सोसला, तीच नजर आता तिची झालेली असते. माझ्या मते फासबिंडर यांचे मोठेपण या दुसऱ्या भागात आहे. विरोधापाशीच थांबणारे चित्रपट मला त्यामुळे अर्धवट वाटतात.

अमोल पालेकर यांच्या 'थांग' (२००६) मध्येही पतीचे दुसऱ्या पुरुषाशी असलेले नाते पत्नीला कळणे हा शेवट नाही. त्यानंतर तिच्या मनात जे चालते, ते पाहायचे असते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. 'कोणाच्या अज्ञानात' या मुद्द्यामुळे वाँग कार-वाई यांचा 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) नव्याने आठवला. आपापल्या जोडीदारांचे परस्परांशी संबंध आहेत, हे दोन्ही शेजाऱ्यांना कळून चुकते आणि त्या जोडीदारांचे चेहरे आपल्याला कधीच दाखवले जात नाहीत. नायिका पतीला जाब विचारण्याची तालीम शेजाऱ्यासमोर करते, तो पतीची भूमिका करून कबुली देतो आणि उत्तर आधीच ठाऊक असूनही ती रडू लागते. पहिल्यांदा पाहताना मी तो प्रसंग खरा समजून फसलो होतो. 'फेस्टन' या आठवड्यात पुन्हा पाहीन, या वेळी पाहुण्यांच्या रांगेत बसून.