मारामारीच्या चित्रपटांत रस नसलेल्या मावशीने कोणते तीन चित्रपट पाहावेत?

पायरव (धागालेखिका)

नमस्कार. माझी १३ वर्षांची भाची दोन वर्षांपासून कराटे शिकते आहे. येत्या सुट्टीत ती माझ्याकडे राहायला येणार असून आम्ही दोघींनी मार्शल आर्ट्सचे चित्रपट एकत्र पाहायचे, अशी तिची अट आहे. मी हा प्रकार आजवर टाळत आले. कोणीतरी कोणाला तरी दहा मिनिटे बडवत राहतो आणि तेवढा वेळ गोष्ट खोळंबून राहते, याखेरीज मला त्यात काही दिसलेले नाही. भाचीचे नेमके उलट आहे. त्या दहा मिनिटांसाठी ती उरलेला चित्रपट सोसते. तिला तिथे जे दिसते ते मलाही दिसावे, एवढीच इच्छा आहे.

आमच्याकडे तीन संध्याकाळी आहेत. चित्रपट प्रत्येकी दोन तासांच्या आतला असावा आणि रक्तपात बेताचा असावा. आम्ही लॅपटॉपवर पाहणार आहोत आणि त्यासाठी नवीन काहीही विकत घेणार नाही. उपशीर्षके चालतील.

जुनाट_प्रोजेक्टर

सुरुवात मुळापासून करावी, या मताचा मी आहे. अकिरा कुरोसावा यांचा १९५४ चा 'सेव्हन सामुराई' पाहिल्याशिवाय पुढचे काहीही पाहण्यात अर्थ नाही. तो २०७ मिनिटांचा आहे, तेव्हा दोन तासांची अट आपण काढून टाकावी. पावसात आणि चिखलात चाललेली शेवटची लढाई पाहिली की, हालचाल कशासाठी करायची असते हे एकदाचे कळते. मी हा चित्रपट ११ वेळा पाहिला आहे आणि एकदाही मध्ये उठलेलो नाही.

सावध_पवित्रा

वरील चित्रपट थोर आहे, परंतु तो तलवारींचा आणि भाल्यांचा आहे. कराटे शिकणाऱ्या मुलीला रिकाम्या हातांचे काम दाखवायला हवे. मी स्वतः कराटे शिकवतो, म्हणून १९८४ च्या 'द कराटे किड'चे नाव सुचवतो. तो १२७ मिनिटांचा आहे, म्हणजे आपल्या मर्यादेबाहेर जेमतेम सात मिनिटे. गाड्या पुसून आणि कुंपण रंगवून कंटाळलेल्या मुलाला, आपले हात एव्हाना बचाव शिकले आहेत हे अचानक उमगते, तो प्रसंग कोणत्याही शिक्षकाला हेवा वाटावा इतका चांगला लिहिलेला आहे. गुरूची भूमिका करणारे पॅट मोरिटा यांना तिच्यासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते.

तक्रार एकच. शेवटची ती एका पायावरची लाथ पाहून आलेला प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्याच दिवशी एका पायावर उभा राहतो आणि पडतो. दोन पायांवर नीट उभे राहण्यात वर्ष जाते, हे सांगणारा चित्रपट कोणी काढत नाही.

शेवटची_रांग

इतके प्रतिसाद झाले आणि ब्रूस ली यांचे नाव कोणीच घेत नाही, याचे आश्चर्य वाटते. 'एंटर द ड्रॅगन' हेच उत्तर आहे आणि तो दोन तासांत सहज बसतो. २० जुलै १९७३ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले आणि हा चित्रपट त्यानंतर प्रदर्शित झाला, हे ठाऊक असले की आरशांच्या खोलीतली शेवटची झुंज निराळीच वाटते.

माझा अनुभव सांगतो. शाळेत असताना हा चित्रपट पाहून मी काठीचे दोन तुकडे दोरीने बांधून नानचाकू तयार केला. पहिल्याच फेऱ्यात एक तुकडा माझ्याच भुवईवर बसला आणि तीन टाके पडले. खूण अजून आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

दमसास

चित्रपट कोणताही निवडा, लॅपटॉपवर मात्र पाहू नका. या चित्रपटांचे निम्मे यश आवाजात असते. बाही फडफडते, पाय जमिनीवर घासतो, लाकूड तडकते. लॅपटॉपमधून यातले काहीही ऐकू येत नाही. मी गेल्या वर्षी खोलीच्या चारही कोपऱ्यांत स्पीकर बसवले आणि भिंतभर पडदा लावला. तेव्हापासून घरच्यांनी माझ्याबरोबर चित्रपट पाहणे सोडले आहे, परंतु आवाजाबद्दल त्यांचीही तक्रार नाही. आधी स्पीकर घ्यावेत, चित्रपटाचे मग पाहता येईल.

पायरव (धागालेखिका)

काहीही विकत घेणार नाही, असे मी सुरुवातीलाच लिहिले होते.

तिरकी_रेघ

२०११ चा 'द रेड' पाहावा. १०१ मिनिटांचा इंडोनेशियन चित्रपट आहे, त्यामुळे वेळेची अट पाळली जाते. गॅरेथ एव्हान्स हे वेल्श दिग्दर्शक इंडोनेशियात पेंचाक सिलाट या तिथल्या युद्धकलेवर माहितीपट करायला गेले, तिथे त्यांना ती कला जाणणारे इको उवाइस भेटले आणि पुढे या दोघांनी मिळून अरुंद जिन्यांत आणि बोळकांडींत असे काही करून दाखवले की, त्यानंतर मला मोकळ्या मैदानातल्या मारामाऱ्या मिळमिळीत वाटू लागल्या. रक्त आहे, पण ते गोष्टीच्या ओघात येते.

सावध_पवित्रा

ते ओघात येत नाही, त्याचाच ओघ आहे. १३ वर्षांच्या मुलीला हा चित्रपट दाखवू नये. रक्तपात बेताचा हवा, ही अट आपण वाचलीच नसावी.

कात्री

मी काही वर्षे चित्रपट संकलनाचे काम केले आहे, म्हणून नावे सुचवण्याऐवजी पाहावे कसे याबद्दल लिहितो. धागालेखिकेचा मूळ प्रश्न तोच आहे, असे मला वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे कट मोजावेत. लाथ उचलली जाते एका शॉटमध्ये, ती लागते दुसऱ्या शॉटमध्ये आणि माणूस पडतो तिसऱ्या शॉटमध्ये, असे असेल तर ती लाथ संकलकाने मारलेली आहे. दोघेही डोक्यापासून पायापर्यंत एकाच चौकटीत दिसत असतील आणि पाच-सहा हालचाली अखंड होत असतील, तर तिथे लपवायला जागा उरत नाही. आपला श्वास अडकतो तो अशा ठिकाणी, कारण समोर चाललेले श्रम खरे आहेत हे आपल्या शरीराला आपल्याआधी कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबे पाहावेत. हाँगकाँगच्या जुन्या मारामारीपटांतले अनेक कलावंत पेकिंग ऑपेरा या चिनी संगीत रंगभूमीच्या तालमीतून आले. जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन ब्याव हे तिघे एकाच ऑपेरा शाळेत लहानाचे मोठे झाले. त्या रंगभूमीवर लढाई तालवाद्यांच्या ठेक्यावर चालते. झटापट होते, नट क्षणभर पुतळ्यासारखा थबकतो आणि पुन्हा झटापट सुरू होते. चित्रपटांनी तो थांबा उचलला. आपल्याला वेगाचे कौतुक वाटते, परंतु वेग जाणवतो तो त्या थांब्यामुळेच. सलग वेग हा केवळ गोंगाट असतो आणि आपण ज्याला कंटाळलात तो बहुधा हाच असावा.

थोडी लबाडीही असते. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी काही चौकटी कमी टिपतो आणि पडद्यावर तीच हालचाल जास्त वेगवान दिसते. जुन्या चित्रपटांत हे सर्रास केलेले आहे. कापडाच्या फडफडण्याकडे लक्ष ठेवले की ते पकडता येते.

उदाहरण हवेच असेल तर १९८५ चा 'पोलिस स्टोरी' घ्यावा. शेवटी जॅकी चॅन दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून अनेक मजले खाली घसरत येतात; त्यात त्यांचे तळहात भाजले होते. चित्रपटाच्या अखेरीस फसलेले प्रयत्नही दाखवले आहेत. ते अवश्य पाहावेत.

शेवटची_रांग

'पोलिस स्टोरी'ला अनुमोदन. तळहात भाजल्याचे मीही लिहिणार होतो. डब केलेली आवृत्ती मात्र पाहू नये. मूळ भाषेतला नटाचा आवाज गेला की सारेच गेले.

जुनाट_प्रोजेक्टर

पूर्ण सहमत. डबिंग हा गुन्हा आहे.

कात्री

हा गुन्हा मुळातच घडलेला आहे. त्या काळातले हाँगकाँगचे बहुतेक चित्रपट चित्रीकरणाच्या वेळी आवाज न टिपताच घेतले जात आणि संवाद नंतर, अनेकदा भलत्याच व्यक्तीच्या आवाजात भरले जात. म्हणजे आपण ज्याला मूळ आवाज म्हणता तोही डबच केलेला असतो. उपशीर्षके निवडावीत, परंतु निराळ्या कारणासाठी: इतर भाषांतले डबिंग बरेचदा विनोदी होते आणि गंभीर प्रसंगी हसू येते.

हलके_पाऊल

आतापर्यंतच्या सगळ्या सूचनांत ठोसे आणि लाथाच आहेत. नाजूक बाजूबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून ॲंग ली यांच्या २००० सालच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'चे नाव घेते. बांबूच्या शेंड्यांवर तोल सांभाळत चाललेले ते द्वंद्व पाहिले की मारामारी हा शब्दच विसरायला होतो. या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. पुढे याच वाटेने मागे जायचे असेल तर किंग हू यांचा १९६६ चा 'कम ड्रिंक विथ मी' आहे. त्याची नायिका चेंग पै-पै पुढे 'क्राउचिंग टायगर'मध्ये खलनायिका झाली. तो जुना आणि संथ आहे, तेव्हा पहिल्यांदा नको.

सावध_पवित्रा

तारांनी बांधून माणसे उडवायची आणि त्याला युद्धकला म्हणायचे, हे मला पटत नाही. २००३ च्या 'ऑन्ग-बाक'मध्ये टोनी जा तारेशिवाय जे करतात ते पाहावे. तीच उडी दोन-तीन कोनांतून पुन्हा दाखवतात, कारण त्यांना लपवायचे काहीच नसते.

हलके_पाऊल

माणसे उडतात कारण त्या जुन्या चिनी वीरकथांतली माणसे उडतच असत. 'क्राउचिंग टायगर'च्या चित्रीकरणात मिशेल यो यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. तारा असल्या तरी खाली जमीन असतेच. शिवाय तारेवर लटकताना मान, पाठ आणि पायाची बोटे सहज दिसावीत यासाठी जी ताकद लागते, ती आपण एकदा अजमावून पाहावी.

सावध_पवित्रा

ताकद लागते हे मान्य करतो. युद्धकला मात्र म्हणणार नाही.

तिरकी_रेघ

'द रेड'मध्ये बहुतेक ठिकाणी तारा लागलेल्या नाहीत, एवढेच सांगून ठेवतो.

पायरव (धागालेखिका)

सर्वांचे आभार. कात्री यांचा थांब्यांविषयीचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. लहानपणी मी नऊ वर्षे नृत्य शिकले आहे, त्यामुळे समेवर येऊन थबकणे म्हणजे काय, हे मला समजते. मारामारीतही तेच असेल, असे कधी मनात आले नव्हते.

शेवटची_रांग

मग ब्रूस लीच पाहा! १९५८ मध्ये त्यांनी हाँगकाँगमधली चा-चा नृत्याची स्पर्धा जिंकली होती. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये त्यांचे पाय पाहिले की हे वेगळे सांगावे लागत नाही. मी तर म्हणतो, फक्त पायच पाहा.

दमसास

पायांचा आवाज लॅपटॉपवर येणार नाही.

पायरव (धागालेखिका)

सुट्टी संपली, म्हणून कळवते आहे. आपणा सर्वांची क्षमा मागून सांगते की, ज्या चित्रपटाला हलके_पाऊल यांनी पहिल्यांदा नको म्हटले होते तोच, म्हणजे 'कम ड्रिंक विथ मी', मी निवडला. चेंग पै-पै या मूळच्या बॅले शिकलेल्या होत्या, युद्धकला शिकलेल्या नव्हत्या, असे वाचनात आले आणि मग दुसरे काही पाहावेसे वाटेना.

पहिल्या संध्याकाळी भाची नाराज होती. खाणावळीत पुरुषवेशातली नायिका बसली आहे, गुंड एकेक करून तिच्याभोवती जमतात आणि बराच वेळ कोणीच हात उचलत नाही. "आता मारेल ना?" असे भाचीने तीनदा विचारले. चौथ्यांदा विचारले नाही, कारण तोवर ती पुढे सरकून बसली होती. मी कट मोजायला घेतले होते, पण मोजणी अर्ध्यावर विसरले.

दुसऱ्या संध्याकाळी तोच चित्रपट आम्ही आवाज बंद करून पाहिला. दमसास यांनी हे वाक्य वाचू नये. भाचीने नायिकेच्या पवित्र्यातल्या चुका काढल्या: टाच उचललेली आहे, कोपर बाहेर गेले आहे, असे लढले तर गुण मिळणार नाहीत. मला त्याच ठिकाणी नर्तकी दिसत होती आणि तिचे काही चुकलेले दिसत नव्हते. आमचे चांगले भांडण झाले.

तिसऱ्या संध्याकाळी काहीच पाहिले नाही. भाचीने मला किबा-दाची शिकवली, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून नुसते उभे राहायचे. दुसरे मिनिट संपायच्या आत माझ्या मांड्या थरथरू लागल्या. सावध_पवित्रा यांना वर्षाचा हिशेब जरा कमीच सांगावासा वाटला असावा.

सावध_पवित्रा

दुसरे मिनिट ही चांगली सुरुवात आहे. टाचेबद्दल भाचीचे बरोबर आहे.

हलके_पाऊल

टाचेबद्दल भाचीचे मुळीच बरोबर नाही. बाकी, मी तो पहिल्यांदा पाहू नये असे म्हटले होते ते मागे घेते.

तिरकी_रेघ

भाची १८ वर्षांची झाली की 'द रेड' लक्षात ठेवावा.

जुनाट_प्रोजेक्टर

'सेव्हन सामुराई' राहूनच गेला. २०७ मिनिटांना तीन संध्याकाळींनी भागले तर प्रत्येकी ६९ मिनिटे येतात, म्हणजे आपली दोन तासांची अट कुठेही मोडत नव्हती.