बँकेच्या नावाने आलेला खोटा मेल वडिलांना कसा ओळखायला शिकवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नोकरीला पुण्यात, आई-आण्णा अमळनेरला. आण्णा भुसावळला रेल्वेतून रिटायर झाले, पेन्शन बँकेत येते. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना, आणि नेमका तेव्हाच बँकेच्या नावाने मेल आला: 'प्रिय ग्राहक, केवायसीअभावी आपला खाता आज रात्री १२ वाजता निलंबित केला जाईल.' खाली निळं बटण. पेन्शन अडकेल या धास्तीने आण्णांनी ते दाबलं, ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड भरला. ओटीपी मागितला तेव्हा मात्र हात थांबला आणि त्यांनी मला फोन लावला. "मन्हा पैसा गयात का रे भाऊ?" ३५ वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

पैसे गेले नाहीत. बँकेच्या ॲपमधून लगेच पासवर्ड बदलला, पासबुकावरच्या नंबरवर फोन करून नेटबँकिंग बंद करवलं.

नंतर तो मेल मी नीट पाहिला. 'आपला खाता' असं आपल्याकडचा कुठला कारकून लिहील? पण खऱ्या बँकांचं मराठीही कधीकधी असंच असतं, त्यामुळे त्या खुणेवर आण्णांना कसं सोडू? फोनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, तिथे बँकेचंच नाव होतं. त्या नावावर बोट ठेवल्यावर भलताच पत्ता निघाला. बटण दाबून धरलं तर लिंकच्या सुरुवातीला बँकेचं नाव, पण 'https://' नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेआधी (/) शेवट 'डॉट टॉप'. उघडलेल्या पानाच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्हही होतं! आण्णा त्यावरच विसंबले.

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' पत्त्यावर जायला सांगितलं होतं. मग त्याच तिरप्या रेघेआधी हा शेवट आहे का, एवढंच बघायला आण्णांना शिकवलं तर चालेल का? की मेलमधली लिंक कधीच उघडायची नाही, हाच नियम बरा? मला दुसरा सोपा वाटतो, पण हयातीच्या दाखल्याची खरी सूचना त्यांच्याकडून सुटेल याची भीती वाटते.

आणखी एक, पैसे गेले नसतील तरी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवायचं का? ग्राहक क्रमांक आता त्या लोकांकडे आहे, तर खातंच बदलावं का? बँकेत काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. आण्णा दोन दिवस नीट जेवलेले नाहीत.